गळ्यातला कॅमेरा आणि छातीवरचा दांडा

नाशिकरोडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरचे अठराजण टेम्पो ट्रॅव्हलर करून खोपोलीजवळच्या इमॅजिका या करमणूक पार्कला निघालेत. त्या लिहितात :

"ताई, आमच्याकडे सध्या फराळापेक्षा कॅमेऱ्याचीच चर्चा जास्त चालू आहे. धाकट्या दिरांनी त्यांचा मोठा कॅमेरा सहलीसाठी दिला आहे. ह्यांचं म्हणणं, रोलर कोस्टरवर तो गळ्यात अडकवायचा, वरून जॅकेट घालून चेन लावायची. म्हणजे गेटवर कोणाला दिसणार नाही आणि वर गेल्यावर व्हिडिओ काढता येईल. भाचा बारावीत आहे. त्याला छातीला बांधायचा ॲक्शन कॅमेरा न्यायचाय. तो म्हणतो, हा तर यासाठीच बनवलेला असतो. सासूबाई राइडवर बसणार नाहीत, म्हणून सगळ्यांच्या बॅगा, फोन, पर्स त्यांच्याकडे ठेवायचं ठरलं आहे. मला यातलं काहीच पटत नाही, पण का ते सांगता येत नाही. लॉकरवर भरवसा ठेवावा का? पाण्याच्या राइडवर काय करावं? आणि कॅमेऱ्याला काही झालंच, तर दिरांना तोंड कसं दाखवायचं?"

ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. कारणं मी देते. रात्री सगळे जेवायला बसले की वाचून दाखवा, म्हणजे वाद एकदाच होईल.

आधी जॅकेटचा बेत. तुमच्या घरी सगळे कॅमेऱ्याचं काय होईल यावर बोलताहेत. मला काळजी वाटते ती तुमच्या यजमानांच्या बरगड्यांची. इमॅजिकातला 'नायट्रो' हा रोलर कोस्टर घ्या. पाय मोकळे लोंबकळतात, माणूस पाच वेळा उलटापालटा होतो आणि वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. या सगळ्यात माणसाला धरून ठेवतो तो खांद्यांवरून छातीवर येणारा दांडा. त्या दांड्याचं सगळं गणित एकाच गोष्टीवर चालतं : तो आणि तुमचं अंग यांच्यात फट नको. म्हणून तर गाडी सुटायच्या आधी ऑपरेटर प्रत्येकाचा दांडा हाताने दाबून, ओढून बघतो. आता मध्ये कॅमेरा ठेवला, तर दांडा कॅमेऱ्यावर येऊन थांबणार. ऑपरेटरला वाटणार, घट्ट बसला. तुमच्या यजमानांनाही तसंच वाटणार. प्रत्यक्षात दांड्याने धरलेलं असतं कॅमेऱ्याला, माणसाला नाही. पहिल्या वळणावर कॅमेरा चार बोटं बाजूला सरकला की तेवढीच मोकळी जागा माणसाला मिळते, आणि ती मिळते नेमकी उलटं होताना.

मांडीवर आडवा येणारा दांडा असतो तिथेही हेच. मांडीवर कॅमेरा, पाण्याची बाटली किंवा फुगलेली पर्स असली, तर बार तिच्यावर टेकतो. लहान मुलं शेजारी असतील, तर आणखी वाईट. बार सगळ्यांत जाड वस्तूवर अडतो आणि बारीक पोरगं खाली सैल राहतं.

दुसरं वजनाचं. साध्या लेन्ससकट असा कॅमेरा ६०० ते ७०० ग्रॅम भरतो. घरात उचलला तर काहीच नाही. पण मोठ्या कोस्टरवर उताराच्या तळाशी सगळ्याचं वजन तीन-चार पटींनी वाढल्यासारखं होतं. म्हणजे गळ्यात अडीच किलोचा ऐवज, तोही पट्ट्याला लोंबणारा. पुढच्याच चढाच्या माथ्यावर उलटं होतं, अंग सीटवरून उचललं जातं आणि कॅमेराही वर येतो. जॅकेटची चेन लावलेली असली तरी तो हनुवटीपर्यंत पोचू शकतो. जॅकेट उघडून 'व्हिडिओ काढता येईल' म्हणतात ते तर विसराच. एका हातात कॅमेरा धरून दुसऱ्याने दांडा पकडायचा आणि मान आडवी फेकली जात असताना स्क्रीन बघायची, यातून निघालेला व्हिडिओ नंतर कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

आणि गळ्यातला पट्टा हा गळ्यातला पट्टाच असतो. वेगात काही अडकलं, तर तो तुटावा अशी त्याची रचना नसते. कॅमेरा पडू नये म्हणून तो मुद्दाम मजबूत बनवतात.

'गेटवर कोणाला दिसणार नाही' हे वाक्य मला सगळ्यांत खटकलं. लपवून न्यायची वेळ येते याचा अर्थ तिथे कोणीतरी 'नको' म्हणणार आहे हे माहीत आहे. कशासाठी 'नको' म्हणतात ते एकदा नीट बघू.

वस्तू ४० मीटरवरून, म्हणजे साधारण बारा-तेरा मजल्यांवरून, पडली तर खाली येईपर्यंत तिचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास जातो. हा नुसता पडण्याचा हिशोब झाला. गाडीचा स्वतःचा वेग त्यात धरलेला नाही. क्रिकेटचा लेदर बॉल सुमारे १६० ग्रॅमचा असतो. तो त्या वेगाने तोंडावर आला तर काय होतं हे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळलेल्या कोणत्याही पोराला विचारा. तुमच्या दिरांचा कॅमेरा त्याच्या चौपट वजनाचा आहे. पडलेली वस्तू नेहमी आपल्याच डोक्यात पडत नाही. मागच्या रांगेतला माणूस त्याच जागेतून, त्याच वेगाने येत असतो.

अमेरिकेत फ्लॉरिडातल्या युनिव्हर्सलच्या पार्कात एकमेकांच्या अगदी जवळून जाणारे दोन कोस्टर होते. मजाच ती होती, समोरची गाडी अंगावर येतेय असं वाटायचं. २०११ मध्ये तिथे उडालेल्या वस्तूंचा मार लागून माणसं जखमी झाली, एकाने डोळा गमावला. त्यानंतर दोन्ही गाड्या एकाच वेळी सोडणं पार्कने थांबवलं. पुढे त्यांच्या काही मोठ्या कोस्टरना तर प्रवेशाच्या रांगेतच मेटल डिटेक्टर बसले. विमानतळावर असतात तसे, फक्त इथे शोध असतो खिशातल्या फोनचा आणि किल्ल्यांचा. सेल्फी स्टिकचंही तसंच. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेच्या पार्कात कोस्टर चालू असताना एकाने स्टिक बाहेर काढली, राइड थांबवावी लागली आणि काही दिवसांतच डिस्नेने आपल्या पार्कांत सेल्फी स्टिकवर बंदी घातली. तुमच्याकडे कोणी बॅगेत स्टिक भरली असेल तर ती घरीच काढून ठेवा.

तुमचा भाचा यावर एक व्हिडिओ दाखवेल, मला खात्री आहे. स्पेनमधल्या कोस्टरवर पुढच्याचा उडालेला फोन मागच्या एकाने हवेतच झेलला, तो २०१९ चा व्हिडिओ. आहे तो, खरा आहे, आणि झेल भारी आहे. पण तो जगभर फिरला याचं कारणच हे की एरवी असं होत नाही.

हे परदेशातलं सोडा. नवरात्रात तुम्ही नाशिकच्या कालिकादेवीच्या यात्रेला गेला असालच. तिथे आकाशपाळणा, ब्रेक डान्स, कोलंबस, टोराटोरा हे सगळं रस्त्यालगत उभं असतं आणि लोक थेट त्याच्या खालून, लेकरं कडेवर घेऊन जात असतात. पाळण्यात छातीवर दांडा नसतो, बहुतेक ठिकाणी समोर एक साखळी नाहीतर आडवी पट्टी. तिथे फोन नेऊ नका असं कोणी सांगत नाही, उलट पाळणा वर थांबला की प्रत्येकजण खालच्या गर्दीचा व्हिडिओ काढतो. पंधरा मीटरवरून सुटलेला फोन खाली येईपर्यंत ताशी ६० किलोमीटरचा होतो. मौत का कुआँच्या कठड्यावरून वाकून शूटिंग करणारे तर मला बघवत नाहीत. खाली भिंतीवर मोटरसायकल फिरतेय, आणि वरून कोणाच्या तरी घामट हातातला फोन त्या पोराच्या चाकासमोर पडायचा अवकाश. इमॅजिकात निदान नको म्हणणारा माणूस उभा असतो. यात्रेत तो माणूस आपणच व्हायचं.

आता भाच्याचा ॲक्शन कॅमेरा. 'हा यासाठीच बनवलेला असतो' यात निम्मं खरं आहे. तो छोटा असतो, हलका असतो, आणि गोप्रोसारखे अलीकडचे कॅमेरे वेगळं कव्हर न लावता १० मीटर पाण्यात चालतात. पण छातीचा पट्टा बनवला आहे सायकलवाल्यांसाठी आणि ट्रेकवाल्यांसाठी. त्यांच्या छातीवर दुसरं काही येत नाही. इथे दांडा नेमका त्याच जागी येतो. दांड्याखाली तो टणक चौकोनी डबा छातीच्या हाडावर दाबला गेला, तर त्याची खूण आठवडाभर राहील. डोक्याला बांधला, तर मान मागच्या उशीवर आपटते तेव्हा पट्टा सरकतो, आणि सरकलेला पट्टा म्हणजे उडायला तयार कॅमेरा. चिकटपट्टीचं माउंट गाडीला किंवा सीटला लावायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो मनातच राहू दे. एक तर दुसऱ्याच्या मशिनला काही चिकटवायचा आपल्याला अधिकार नाही. दुसरं, ही चिकटपट्टी नीट पकडायला बनवणारी कंपनीच २४ तास थांबायला सांगते. रांगेत उभं राहून लावलेली पट्टी दहा मिनिटांत कशी धरेल?

म्हणून भाच्याला नाही म्हणायच्या ऐवजी एक अट घाला. तिकीट काढायच्या आधी पार्कला फोन करून त्यानेच विचारायचं, कोणत्या राइडवर अंगावर बांधलेला कॅमेरा चालतो. हो म्हणाले, तरी त्या राइडच्या दारात उभा असलेला ऑपरेटर जे सांगेल ते शेवटचं, त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. मागे शंभर माणसं उन्हात उभी असतात. सावकाश चालणाऱ्या राइडवर, झुकझुक गाडी, मेरी-गो-राउंड किंवा होडी, ऑपरेटरची हरकत नसेल तर तो कॅमेरा खुशाल वापरू दे. मनगटाची दोरी मात्र बसायच्या आधी अडकवायची, बसल्यावर नाही. तुमच्या यजमानांनाही तिथे मोठा कॅमेरा काढता येईल. फक्त लेन्सचं झाकण, पुढचं हूड, फिल्टर हे सुटे भाग आधी बॅगेत टाकायला सांगा. कॅमेरा सहसा कोणी पाडत नाही, झाकणं मात्र सगळेच पाडतात.

कॅमेऱ्याच्या नादात एक गोष्ट तुमच्या पत्रातून सुटली, म्हणून मध्येच सांगते. ओढण्या, मोकळे केस, लांब मंगळसूत्र, स्कार्फ. गो-कार्टमध्ये केस किंवा ओढणी अडकून जीव गेल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. कॅमेऱ्याचं नुकसान पैशात मोजता येतं. तुमच्या घरच्या मुलींना त्या दिवशी ओढणी नको, केस घट्ट बांधलेले हवेत, आणि यावर मला कोणाचं मत ऐकायचं नाही.

पुढचा मुद्दा सासूबाईंचा. त्यावर मी जरा कडक बोलणार आहे. त्या राइडवर बसणार नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. अठराजणांचं लॉकर व्हायला तयार आहे असं त्या म्हणालेल्या नाहीत. एका बाकावर दिवसभर सगळ्या बॅगा मांडीवर आणि पायाशी घेऊन बसायचं, बाथरूमला जायचं तरी उठता येत नाही, आणि संध्याकाळी कोणाचा फोन सापडला नाही की सगळे त्यांच्याकडे बघणार. तिकीट त्यांचंही काढताय ना? मग त्यांनाही बघू द्या. इमॅजिकात बसून बघायचे खेळ आहेत, सावलीत फिरता येतं.

लॉकर घ्या. भरवसा ठेवावा का, याचं उत्तर असं : कपडे, टॉवेल, चपला, पॉवर बँक यांसाठी बिनधास्त ठेवावा. दागिने आणि मोठी रोकड मात्र घरीच. अशा जागी मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही अशी पाटी बहुधा असतेच, आणि ती पाटी वाचूनच लॉकरमध्ये काय ठेवायचं ते ठरवावं. चावी एकाकडेच, तीही चेनच्या खिशात. लॉकरच्या नंबराचा फोटो दोघांच्या फोनमध्ये. कॅमेरा टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ठेवायचा मोह होईल, तो टाळा. दिवाळीतही दुपारी बंद गाडी चांगलीच तापते, आणि सीटवर ठेवलेली कॅमेऱ्याची बॅग काचेतून लांबूनच ओळखू येते. गाडीत फराळाचे डबे राहू द्या. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे ते तसेही तिथेच राहणार आहेत.

मग कॅमेरा कुठे? खाली, कोणाच्या तरी हातात. अठराजण आहात, दोन तुकड्या करा. पहिली तुकडी वर जाईल तेव्हा दुसरी खाली उभी राहून फोटो काढेल, मग अदलाबदल. याला वेळ जास्त लागतो हे खरं आहे. म्हणून प्रत्येक राइडला हे करू नका, दोन-तीन मोठ्या राइडपुरतंच ठेवा. उंची कमी म्हणून ज्यांना बसू देत नाहीत अशी लहान मुलं तुमच्यात असतील, तर त्यांच्याजवळ मोठं माणूस थांबावंच लागतं. तिथे कॅमेराही सांभाळला जातो.

आणि ताई, फोटो खालूनच चांगले येतात. वरून काढलेल्या व्हिडिओत दिसतं काय? समोरच्याचं डोकं, आभाळ, पुन्हा समोरच्याचं डोकं, आणि भरीला वाऱ्याचा आवाज. खालून तुम्हाला चेहरे मिळतात. काका डोळे घट्ट मिटून बसलेत, शेजारी त्यांची मुलगी हात वर करून ओरडतेय, हे फक्त खालूनच दिसतं.

कसं काढायचं तेही सांगते. आल्या आल्या कॅमेरा डोळ्याला लावू नका. आधी दोन फेऱ्या नुसत्या बघा. गाडी दर वेळी त्याच रुळावरून, जवळपास त्याच वेगाने येते, त्यामुळे ती कुठे आणि कधी येणार हे तुम्हाला आधीच कळतं. लग्नातला फोटोग्राफर यासाठी जीव टाकेल, कारण नवरी कधी हसेल हे त्याला कधीच माहीत नसतं. पहिल्या मोठ्या उताराच्या तळाजवळ किंवा गाडी आपल्याकडे वळते अशा जागी उभं राहा. सूर्य पाठीशी हवा, नाहीतर सगळे चेहरे काळे येतील. रुळाच्या ज्या तुकड्यावर फोटो हवा त्याच्यावर फोकस आधीच करून ठेवा आणि मग तो मॅन्युअलवर टाका, म्हणजे गाडी आली की कॅमेरा शोधत बसत नाही. शटर उघडं राहण्याचा वेळ सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी हवा. कॅमेऱ्यावर तो १/१००० असा दिसतो. एका दाबात लागोपाठ फोटो निघतील असा बर्स्ट लावा आणि गाडी चौकटीत शिरायच्या किंचित आधी बटण दाबा. शिरल्यावर दाबलं, तर हाती लागतो शेवटचा डबा. मेरी-गो-राउंडला उलटं करा. शटर १/६० वर आणा आणि कॅमेरा मुलाबरोबर फिरवत दाबा. मूल स्पष्ट येतं, मागचं सगळं पळताना दिसतं. पहिले दहा-बारा फोटो फसतील, त्यानंतर जमतं.

'नायट्रो'वर एका रांगेत चारजण बसतात. वर जाणाऱ्यांनी पुढची रांग मिळाली की मागची, हे खालच्यांना हाताने खुणावून सांगायचं, नाहीतर तीस अनोळखी चेहऱ्यांत आपली माणसं शोधण्यातच गाडी निघून जाते. सहलीसाठी एकसारखे टी-शर्ट शिवणाऱ्यांना मी आजवर हसत आले, पण इथे त्यांचा उपयोग आहे. पिवळा किंवा केशरी लांबूनही लगेच सापडतो. मध्ये जाळी असेल, तर लेन्स जाळीच्या अगदी जवळ न्या आणि लेन्सच्या छिद्राचा आकडा (एफ-नंबर) लहान ठेवा, जाळी धूसर होऊन जवळपास दिसेनाशी होते. जाळीतून लेन्स आत घालायची नाही आणि कॅमेरा कुंपणावरून पलीकडे धरायचा नाही. तिकडे गाडीची जागा आहे, लोंबणाऱ्या पायांचीही.

अनेक मोठ्या राइडवर पार्कचा स्वतःचा कॅमेरा बसवलेला असतो, बाहेर पडताना काउंटरवर फोटो विकत मिळतो. महाग वाटतो. घरच्या भांडणापेक्षा स्वस्त आहे.

पाण्याचं आता. 'राजासॉरस'सारख्या होडीच्या राइडवर भिजायला होतं, तिथे मोठा कॅमेरा नेऊच नका. दीर म्हणतील, याला पाणी लागलेलं चालतं, तशी सील आहे. ती सील असते पावसाच्या भुरभुरीसाठी. बादलीभर पाणी जोरात अंगावर येतं त्यासाठी नाही, आणि कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या साध्या लेन्सला बहुधा तेवढीही नसते. फोनवर आयपी ६८ अशी पाणी आत न शिरण्याची खूण असते, तिच्याबद्दलही अशीच गैरसमजूत आहे. ती चाचणी गोड्या, संथ पाण्यात, फोन नवा असताना होते. घसरगुंडीवरून धाडकन क्लोरीनच्या पाण्यात पडणं हे त्या चाचणीत धरलेलं नसतं, आणि दोन वर्षं वापरून एकदा स्क्रीन बदललेला फोन तर मुळीच नाही. शिर्डीच्या वॉटर पार्कला जाल तेव्हाही हेच लक्षात ठेवा. भाच्याचा ॲक्शन कॅमेरा तिथे चालेल, पण तो पाण्यात बुडतो. तरंगणारी मूठ मिळते, ती लावल्याशिवाय लाटांच्या हौदात न्यायचा नाही.

कॅमेरा भिजलाच, तर लगेच चालू करून बघायचा नाही. बॅटरी आणि कार्ड काढा, कोरड्या फडक्याने टिपा, झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली ठेवा. तांदळात पुरू नका, ते पीठ आत जातं. दुरुस्तीला नाशिकला परत येईपर्यंत थांबणं बरं. एसीच्या गारठ्यातून एकदम बाहेर आलात, तर लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, पाच-दहा मिनिटांत आपोआप जाते.

कोणाकडे आयफोन १४ किंवा त्यानंतरचा असेल, किंवा ॲपलचं तशी सोय असलेलं घड्याळ मनगटावर असेल, तर एक गंमत ऐका. अपघात झाला हे ओळखून आपोआप मदतीला फोन लावायची सोय त्यात आहे. २०२२ मध्ये ओहायोतल्या एका पार्कात कोस्टरवर बसलेल्यांच्या फोनना वाटलं अपघातच झाला, आणि त्यांनी परस्पर पोलिसांच्या मदत केंद्राला फोन लावले. वरचे लोक आनंदाने किंचाळत होते, पलीकडे ते ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल! फोन खाली कोणाकडे तरी राहील, घड्याळ मात्र हातातच राहतं. बसायच्या आधी ती सोय बंद करा.

आता नको ते झालं आणि काही पडलं तर. गाडीत असताना वाकून बघायचं नाही, हात काढून झेलायचा नाही. उतरल्यावर ऑपरेटरला कितवी रांग, कितवी सीट, अंदाजे कोणत्या वळणावर, हे सांगा आणि जा. ते लगेच आणून देणार नाहीत. रुळाखालच्या जागेत गाडी चालू असताना त्यांची माणसंही जात नाहीत. संध्याकाळी राइड बंद झाल्यावर शोधतात. कुंपण ओलांडून स्वतः आणायला जायचं नाही, हे सगळ्या पोरांना, आणि तुमच्या यजमानांनाही, स्पष्ट सांगा. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या सीडर पॉइंट पार्कात एक माणूस राइडवर पडलेली वस्तू आणायला कुंपणाच्या आत गेला. वरून येणाऱ्या गाडीचा धक्का लागून तो तिथेच दगावला. ती गाडी पाय लोंबकळणाऱ्या जातीचीच होती.

राहिले दीर. तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न परत आल्यावरचा नाही, निघायच्या आधीचा आहे. त्यांच्याशी तुम्ही नाही, तुमच्या यजमानांनी बोलायचं. भाऊ भावाशी बोलला की गोष्ट सरळ राहते, वहिनीने विषय काढला की तिला वेगळे अर्थ फुटतात. कॅमेऱ्याची आजची किंमत किती, विमा काढलाय का, मोडला तर दुरुस्ती आपण करू, हे तीन विषय दोन मिनिटांत होतात. हरवला तर काय, हेही तेव्हाच. दीर म्हणतील, अरे काय घरातल्या घरात! म्हणू द्या, तरी बोलून ठेवा. दिवसभर कॅमेऱ्याची जबाबदारी एकाच माणसाची, तुकडी बदलली तर नाव घेऊन दुसऱ्याच्या हाती द्यायचा. 'इथे बाकावर ठेवला होता' हे वाक्य कोणाच्या तोंडून यायला नको.

पट्टा जुना असेल तर त्याची शिवण आणि दोन्ही बाजूंच्या कड्या ओढून बघा, तिथेच तो तुटतो. कॅमेऱ्याच्या तळाशी सीरियल नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. दिरांचं कार्ड काढून त्यांना परत द्या आणि स्वतःचं नवीन टाका. त्यांचे जुने फोटो तुमच्या सहलीत पुसले गेले, तर ते कॅमेरा मोडण्यापेक्षा जास्त लागेल. आणि चार्जर मात्र आठवणीने मागून घ्या. कॅमेरा उसना देणारी माणसं कॅमेरा देतात, बॅग देतात, वर चार सूचना देतात आणि चार्जर नेमका घरी राहतो.